दिवेलागणीचं कुलूप

दिवेलागणीच्या वेळी आमच्या घरात काही गोष्टी करायच्या नसत. केर काढायचा नाही, झोपायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, उंबऱ्यावर बसायचं नाही. मी दहावीत गेले, मला फोन मिळाला, आणि आईने त्यात एका गोष्टीची भर घातली. दिवेलागणीला फोन मिटवायचा.

फोन घेणं भाग होतं. शाळेचा सगळा अभ्यास तेव्हा ग्रुपवर येऊ लागला होता. पालकसभेत बाईंनी सांगितलं, की मुलांच्या फोनसाठी पालकांचं एक अ‍ॅप असतं. फोन किती वाजता बंद व्हावा, त्यात काय उघडावं, मूल कुठे आहे, हे सगळं पालकांना आपल्या फोनवर कळतं आणि ठरवता येतं. आई सभेहून आली ती हे अ‍ॅप लावायचं ठरवूनच. अडचण एवढीच, की अ‍ॅप इंग्रजीत होतं आणि घरात इंग्रजी येणारी मी एकटीच होते. तेव्हा माझ्या फोनला कुलूप लावायचं काम माझ्याकडेच आलं. आई शेजारी बसून शेंगा फोडत होती.

"इथे वेळ विचारतंय, आई. किती वाजता बंद करायचा?"

"दिवेलागणीला."

"असं चालत नाही त्यात. आकडा लागतो."

"मग दिवेलागणीचा आकडा टाक की."

"ती काय रोज एकाच वेळेला होते का?"

आई शेंगा फोडायची थांबली. एवढं शिकलेल्या माणसांनी अ‍ॅप बनवलं आणि दिवस लहान-मोठा होतो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, याचं तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "मग आपण बदलत राहू," ती म्हणाली.

आणि ती बदलत राहिली. तोवर कुठली खूण दाबायची ते तिने पाठ करून ठेवलं होतं. उन्हाळ्यात माझा फोन सातच्या पुढे मिटे. दिवाळीनंतर हळूहळू अलीकडे येत तो सहावर आला. वर्गातल्या मुली आपापल्या घरचे नियम सांगून रडगाणी गायच्या, पण सूर्याबरोबर मावळणारा फोन माझ्या एकटीकडेच होता. हे मी कुणाला सांगितलं नाही. मी तशी काहीच सांगत नसे. शाळेत मराठी बोललं की ओरडा बसायचा, वस्तीवर इंग्रजी शब्द निघाला की "मॅडम आल्या" म्हणून हसायचे. दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं.

कुलपासाठी चार आकडे ठरवायचे होते. ते मला दाखवायचे नाहीत, हे मीच आईला समजावून सांगितलं. ती फोन घेऊन गोठ्यात गेली आणि जरा वेळाने परत आली. गोठ्यात आकडे एकाच ठिकाणी होते, गायींच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यांवर. गायी तीन होत्या, आणि त्यातली आईची लाडकी कुठली हे साऱ्या वस्तीला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी चारा टाकताना मी त्या गाईच्या कानाकडे पाहिलं. शेवटचे चार आकडे. मी ते कधी वापरले नाहीत. का, ते नीट सांगता येत नाही. आईच्या मनातली एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे आणि आपण ती तशीच राहू दिली आहे, यात मला एक श्रीमंती वाटायची.

अ‍ॅपमधली एक गोष्ट मात्र मला मनापासून नको होती. नकाशा. आईच्या फोनवर नकाशा उघडला की मी त्यात एक निळा ठिपका होते. ठिपका सकाळी फाट्यावर जाई, बसबरोबर नेवाशाला शाळेत जाई, संध्याकाळी परत येई. आई अक्षरं फारशी वाचत नसे, पण तो ठिपका तिला पहिल्याच दिवशी वाचता आला.

माझी तक्रार होती ती संध्याकाळच्या अर्ध्या तासाबद्दल. शाळेची बस मला फाट्यावर सोडायची. तिथल्या किराणा दुकानामागे माझी सायकल असे. फाट्यापासून आमच्या वस्तीपर्यंतचा रस्ता उसातून जातो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, मधे मुरमाचा रस्ता, आणि साधारण निम्म्यावर चारी. चारी म्हणजे कालव्यातून निघालेला पाट. तिच्यावर एक बुटका पूल आहे. सबंध दिवसात माझ्याशी कुणी बोलत नाही आणि मला कुणाशी बोलावं लागत नाही, असा तेवढाच वेळ होता. मी सायकल कठड्याला टेकवायची आणि पुलावर पाय सोडून बसायची. काही करत नसे. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलेलं असलं तर पाणी बघायची, नसलं तर कोरडी चारी बघायची. मग उठून घरी जायची. उशीर झाला का, असं कुणी विचारलं तर बस उशिरा आली म्हणायचं असं ठरवून ठेवलं होतं. पण कुणी कधी विचारलं नाही.

दहावीचे जादा तास सुरू झाले तेव्हा थंडीचे दिवस होते. बस फाट्यावर यायलाच सहा वाजून जायचे, म्हणजे मी सायकलवर बसेपर्यंत फोन मिटलेला असे. फोन येऊ-जाऊ शकत, तेवढंच. त्याच दिवसांत वस्तीवर वाघाची बोलणी सुरू झाली. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि संध्याकाळ झाली की वाघही म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. कुणाचं कुत्रं गेलं होतं. कुणाला पाण्याच्या टाकीजवळ माग दिसला होता. पप्पा साखर कारखान्यावर कामाला होते. ते जेवताना म्हणाले, "जनावर खरंच इकडं आलेलं निघालं, तर पोरीची सायकल बंद करायची. मी नाहीतर तिचा चुलता गाडीवर आणत जाऊ."

  तेव्हापासून मी मनात रोज एकच मागणं मागत होते, की जनावर असो, पण दुसऱ्या कुणाच्या तरी उसात असो.

ते माझ्याच चारीवर आलं.

आवर्तन सुटलं होतं. चारी काठोकाठ वाहत होती. पश्चिमेला अजून तांबूस होतं आणि उसाच्या पात्यांच्या कडा तेवढ्या दिसत होत्या. मी पुलावर बसले होते. पलीकडच्या काठावर, माझ्यापासून बैलगाडीच्या लांबीहून थोड्या जास्त अंतरावर, ऊस हलला. वारा नव्हता. मग त्यातून एक डोकं आलं आणि त्याच्यामागून, जरासुद्धा आवाज न करता, सबंध अंग आलं.

मी चित्रात, टीव्हीवर कितीदा तरी बिबट्या पाहिला होता. त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. चित्रात तो पिवळा असतो. हा त्या उजेडात कुठल्याच रंगाचा नव्हता. मातीचा, वाळल्या पाचटाचा, संध्याकाळचा होता. ठिपके अंगावर असल्यासारखे वाटत नव्हते, अंगाच्या आत कुठेतरी खोल असल्यासारखे वाटत होते, आणि तो चालला की हलत होते. खांदे एकामागून एक वर येत आणि खाली जात. तो काठावर आला, पुढचे पाय वाकवले आणि पाणी प्यायला लागला. त्याच्या पिण्याचा आवाज मला स्पष्ट येत होता. आमची गाय पाणी पिते तेव्हा ओढून पिते. हा चाटून पीत होता, मांजरासारखा, पण एवढं मोठं मांजर, आणि इतक्या सावकाश, की जणू हा पूल, चारी, ऊस, मी, सगळं पूर्वीपासून त्याचंच आहे आणि आम्हीच मधे येऊन बसलो आहोत.

मला भीती वाटली, हे खरं. पण भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते असं, की आपण श्वास घेतला तर हे पुसलं जाईल.

हात आपोआप फोनकडे गेला. आमच्या पिढीचा हात दुसरीकडे जातच नाही. बटण दाबलं तर राखाडी पडदा आला आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, की आजची वेळ संपली आहे. कॅमेराही त्याच कुलपात होता. चार आकडे मला पाठ होते. पण पडद्याचा उजेड माझ्या तोंडावर पडला होता आणि पाण्याचा आवाज थांबला होता. त्याने मान वर केली. तो माझ्याकडे बघत होता.

मी फोन मांडीवर पालथा टाकला. तेवढ्यात तो थरथरू लागला. शाळेमुळे आवाज बंद असायचा, म्हणून वाजला नाही. मी खाली न बघता तो उचलला आणि कानाशी नेला.

"काय गं?" आई म्हणाली.

मला बोलता येईना. मागे चारीचं पाणी वाहत होतं, ते तिला ऐकू गेलं असेल.  मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"बोलू नको. जनावर हाय का? असंल तर फोनवर नख वाजव."

मी नख वाजवलं.

"बरं," आई म्हणाली. एवढं साधं बरं, की मीठ संपलंय हे सांगितल्यावर म्हणावं. "बसली असशील तर उभी ऱ्हा. हळू. वाकायचं न्हाई, पळायचं न्हाई. पाठ फिरवू नको. फोन कानालाच ठेव. मी हाय."

मी उभी राहिले.  तो बघत होता. त्याच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. आई फोनवर काही बोलत नव्हती, पण ती होती. तिचा श्वास ऐकू येत होता आणि त्यामागे गाईच्या दाव्याची साखळी. कितीतरी वेळ आम्ही तिघं तसेच होतो, तो, मी आणि आई. मग त्याला कंटाळा आला असावा. तो वळला, शेपटीचं टोक तेवढं वर वळवून काठाने चालत गेला आणि उसात शिरला. ऊस हललासुद्धा नाही.

"गेला," मी म्हणाले. 

"पुलावरच थांब. हलू नको. मी आले."

ती आमची जुनी स्कूटी घेऊन आली, सबंध रस्ता हॉर्न दाबत. गेल्याच वर्षी ती स्कूटी शिकली होती आणि अंधारात चालवायला घाबरायची. तिच्या कोपरापर्यंत दुधाचा वास होता. अर्धवट दूध काढून गाय तशीच सोडून आली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही, ओरडलीही नाही.

"सायकल राहू दे इथंच. मागं बस."

"मी सायकल चालवते," मी म्हणाले. कशी म्हणाले देव जाणे. मला वाटत होतं, की आता सायकल इथे ठेवली तर ती परत मिळायची नाही.

आईने जरा विचार केला. "चल मग. तू पुढं. मी मागं हाय."

घरी पोचल्यावर तिने पहिलं काम केलं ते वस्तीच्या ग्रुपवर सांगायचं. लिहायचा तिला कंटाळा, म्हणून बोलूनच टाकलं, "चारीच्या पुलापाशी जनावर पाणी पिताना दिसलंय. पोरं, शेरडं बाहेर ठेवू नका."

लगेच उत्तरं आली. एका चुलत्यांचा आवाज, "फोटो टाका की वहिनी." मागून दुसरे कोणी, "फोटो न्हाई म्हंजी कुत्रं असंल. अंधारात समदं वाघच दिसतंय." आणि त्यावर हसण्याच्या चित्रांची रांग.

 आईने फोन तोंडाजवळ धरला. "माझ्या पोरीनं पाह्यलंय," ती म्हणाली, आणि बोट उचललं. एवढंच पाठवलं. नंतर फोटोचं कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चारीच्या काठच्या चिखलात पंजे उमटलेले सगळ्यांनी जाऊन पाहिले, ते निराळं. पण ते पंजे दिसण्याआधी ती हे बोलली होती, आणि मी जे पाहिलं त्याइतकंच नवल मला त्या तीन शब्दांचं वाटलं.

पप्पा पाळी संपवून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बूट काढता काढता म्हणाले, "झालं. सायकल बंद. आणि त्या अ‍ॅपात कॅमेरा तरी उघडा ठेव गं, असं काही झालं तर उपयोगी पडंल."

"फोटो काढत उभी ऱ्हायली असती," आई म्हणाली. "आणि सायकल बंद करायची न्हाई."

पप्पांनी मान वर केली. मी भिंतीला टेकून उभी होते. तिथून हललेच नाही.

"म्हणजे?"

"मी जाईन रोज फाट्यावर. ती पुढं, मी मागं. स्कूटीवर."

"आणि दूध? डेअरीची गाडी काय तुझ्यासाठी थांबणार हाय का?"

"लवकर काढीन."

"गाया ऐकतील?"

"सवय लावली की ऐकतात."

"त्यांना पण वेळ टाक मग अ‍ॅपात," पप्पा म्हणाले, आणि स्वतःच हसले. मग आईकडे बघून म्हणाले, "आणि गाडीवर आणलं तर काय बिघडतंय? पोरगी लवकर घरी येईल."

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. "तिला लवकर यायचं नसतंय," ती म्हणाली.

मला ते तेव्हा नीट कळलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. पुलावरच थांब, असं ती फोनवर म्हणाली होती. मी पुलावर आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. तोंडातून 'गेला' एवढा एकच शब्द निघाला होता. आणि तिने फोन केला तोच मुळी का केला? ठिपका. ठिपका रोज त्या पुलावर थांबतो आणि रोज ठरावीक वेळाने पुढे निघतो, हे तिला महिनोन् महिने दिसत होतं. त्या दिवशी तो निघायच्या वेळी निघाला नाही, म्हणून तिने फोन केला. म्हणजे पोरगी संध्याकाळची एकटी पुलावर बसते हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं. कोण येतं तिथे, काय करतेस, घरी बसवत नाही का, यातलं काही नाही. ज्या नकाशाचा मला राग होता, त्यात ती माझं गुपित बघत होती आणि मी तिचे चार आकडे ठेवले तसं जपून ठेवत होती.

दुसऱ्या दिवसापासून आई येऊ लागली. बस फाट्यावर थांबली की ती किराणा दुकानापाशी स्कूटीवर बसलेली असे, डोक्याला मफलर. जनावराला आवाज नको असतो, म्हणून तिने आपल्या फोनवर भजनं मोठ्याने लावलेली असत. बसमधल्या मुली खिडकीतून बघायच्या. मला लाज वाटायची, पहिले काही दिवस फार. मी सायकल काढायची आणि निघायची. ती काही अंतर जाऊ द्यायची आणि मग मागून निघायची. सायकलच्या चालीने स्कूटी चालवणं किती अवघड असतं, हे मला पुढे स्वतः चालवायला लागल्यावर कळलं. दोन्ही पाय खाली टेकवत, एक ब्रेक धरून, ती माझ्यामागे यायची. कधी जवळ आली नाही, कधी हाक मारली नाही. मागून फक्त टाळ ऐकू यायचे. पुलावर मी थांबत नव्हते. भीती होती, आणि तिच्यासमोर थांबायचं कसं, हेही होतं.

मग तोडीचे मजूर आले आणि पुलाच्या दोन्ही अंगांचा ऊस तुटला. एका संध्याकाळी मी बघते तर चारीपासून पार वस्तीच्या दिव्यांपर्यंत सगळं मोकळं. एवढं आभाळ त्या जागी आहे, हे मला माहीतच नव्हतं. मी सायकलचा वेग कमी केला. थांबले नाही, नुसता कमी केला. तोच मागचा आवाज लहान झाला.

मी वळून पाहिलं. आईने बरंच मागे, बाभळीपाशी स्कूटी उभी केली होती. भजन बारीक केलं होतं. ती माझ्याकडे पाठ करून, हाताची घडी घालून, जिकडे अजून थोडा ऊस उभा होता तिकडे बघत होती.

मी सायकल कठड्याला टेकवली आणि पुलावर पाय सोडून बसले.